ठराव क्रमांक सात, विषय: रेनकोट

आडभाटले ग्रामपंचायतीचा शिपाई महादू तारी याच्या सायकलीच्या हँडलला एक खाकी पिशवी लटकलेली असायची. तिचा थाट काय सांगू! आत कागद, कागदांवर दुधाच्या पिशव्यांचं प्लास्टिक, त्यावर खताच्या गोणीचं आतलं अस्तर, त्यावर पिशवी आणि पिशवीवर पुन्हा मेणकापड. ग्रामसभेची नोटीस म्हणा, घरपट्टीचं बिल म्हणा, पोलिओच्या डोसाची तारीख म्हणा, सगळं कसं खणखणीत कोरडं. आणि ही पिशवी सात वाड्यांवर फिरवणारा महादू? तो आपला बनियनपर्यंत चिंब. बावीस पावसाळ्यांत एक कागद ओला झाला नाही आणि बावीस पावसाळ्यांत महादू एक दिवस कोरडा राहिला नाही.

महादू खालच्या वाडीतला, दर्यावर जगणाऱ्या घरातला. भाऊ होडीवर गेले, हा लहानपणापासून छातीने नाजूक म्हणून पंचायतीत चिकटला. सायकल पंचायतीची, काळी, चोवीस इंची, उतारावर ब्रेक दाबला की फक्त आवाज करणारी. तिचा मागचा मडगार्ड खाऱ्या हवेने कधीच खाऊन टाकला होता, त्यामुळे मागच्या चाकाचा चिखल थेट महादूच्या पाठीवर. माणूस मात्र असा गरीब, की बावीस वर्षांत त्याने पंचायतीकडे साधा मडगार्ड मागितला नाही. आपल्यामुळे कोणाला त्रास नको, हे त्याचं एकुलतं एक तत्त्व. आता अशा माणसाला जग त्रास देणार नाही तर कोणाला देणार?

दोन हजार पाचच्या श्रावणात भिजून भिजून ताप छातीत गेला आणि महादू मालवणच्या दवाखान्यात बारा दिवस खाटेवर पडला. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा असा भिजलास आणि ताप छातीत उतरला, तर औषध लागू पडेलच असं मी सांगणार नाही." महादूने मान डोलावली. त्याने ते ऐकलं की नाही देव जाणे, पण शेजारी उभ्या असलेल्या राधाबाईने, त्याच्या बायकोने, शब्दन् शब्द ऐकला.

म्हणून पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातच तिने नवऱ्यापुढे कोरा कागद ठेवला. "अर्ज लिवा."

"कसलो गो?"

"रेनकोटाचो. पंचायतीचा काम करतास, पंचायतीन कोट देवक व्हयो."

"अगो, पण त्येंका उगाच त्रास..."

"त्येंका त्रास? आणि तुमी मेलात तर माका काय सुख?" राधाबाई कडाडली. "लिवा म्हणतंय ना!"

महादूने लिहिलं. 'विषय: पावसाळी वस्त्र मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की मी पावसात भिजतो. तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती.' पंचायतीत आलेल्या कागदावर आवक नंबर घालायचं काम शिपायाचंच, म्हणून स्वतःच्या अर्जावर त्याने स्वतःच शिक्का मारला, स्वतःच तो ग्रामसेवकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसला, न जाणो, आतून कोणी शिपायाला हाक मारली तर.

ग्रामसेवक शेलार घाटावरचे. मंगळवारी आणि शुक्रवारी येत, बाकीचे दिवस शेजारच्या गावांना वाटून दिलेले. माणूस एक नंबरचा सरळ. नियमाच्या बाहेर एक पाऊल नाही आणि नियमाच्या आतही फारशी पावलं नाहीत. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "महादू, कारवाई कोणावर करायची? पावसावर?" मग स्वतःच्या विनोदावर जरा हसून त्यांनी जूनच्या मासिक सभेत विषय क्रमांक सात म्हणून तो घातला. सभेची नोटीस घेऊन महादू सात वाड्यांवर गेला आणि जाताना भिजला.

सभेला सहा सदस्य आणि सातवे सरपंच गुरुदासभाई. भाई जीपने येत, बाकीचे मोटारसायकलींनी. सायकलीवर यातला कोणी शेवटचा बसला असेल तो शाळेत असताना. पण विषय सायकलीचा निघाला आणि अहाहा, काय एकेकाला कंठ फुटला!

"लांब कोट घेवा," भाई म्हणाले. "घोट्यापर्यंत. पोलिसांचो असता तसो. शिपाई इलो म्हणजे पंचायत इली, असा वाटाक व्हया."

"आणि कोट चेनीत अडाकलो म्हणजे?" हे बाबली. विरोधी पार्टीचे पुढारी. भाईंनी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी बाबली त्यावर हरकत नोंदवायचे. "टू-पीस घेवा. शर्ट येगळो, प्यान्ट येगळी. आजकाल सगळे त्याच वापरतत."

कोणी म्हणालं, टोपी जोडलेली हवी. कोणी म्हणालं, टोपीने कान झाकले की मागून एसटी येते ती ऐकू येत नाही. मग रंगावर गाडी आली. निळा म्हणावा तर एका पार्टीचा, भगवा दुसरीचा, हिरव्याचं तर नावच नको. काळा म्हणावा तर तो निषेधाचा. शेवटी पारदर्शक असावा अशी एक सूचना आली, तेव्हा सदस्या प्राजक्ताताई म्हणाल्या, "म्हणजे आतलो महादू दिसतलो," आणि ती सूचना बारगळली.

हा सगळा वेळ ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो माणूस ओल्या सदऱ्याने चहाचे पेले फिरवत होता. आणि खरं सांगतो, त्या खोलीत या विषयातलं ज्ञान असलेला तो एकटा होता. लांब कोट घालून पेडल मारलं की दर फेरीला गुडघा वर येतो, कोटाच्या पुढच्या बाजूची पन्हळ होते आणि सगळं पाणी मांडीवर. टू-पीसची पँट घातली तर चाळीस घरांच्या चाळीस पायऱ्यांवर चाळीस वेळा ती काढायची, कारण ओली पँट घेऊन कोणाच्या सारवलेल्या पडवीत जायचं? सायकलीवर हात पुढे जातात, म्हणून बाह्या चार बोटं जास्त हव्यात. पुढून आखूड, मागून लांब, म्हणजे चाकाचा चिखल पाठीला लागत नाही. आणि बगलेत हवेला वाट हवी, नाहीतर माणूस पावसाऐवजी घामाने भिजतो. हे सगळं महादूला येत होतं. पण त्याला विचारतो कोण!

नाही म्हणायला प्राजक्ताताईंनी विचारलं. "महादू, तुका कसो व्हयो रे?"

सहा माणसं त्याच्याकडे बघायला लागली. महादूने हातातला पेला टेबलावर ठेवला. "तुमका बरो वाटात तो," तो म्हणाला.

हात कपाळावर मारून घ्यावा असं हे उत्तर. पण महादूचं तेच.

ग्रामसेवकांनी नियम सांगितला की तीन दुकानांची दरपत्रकं लागतील. ती आणायला कोणी जायचं? महादूने. कशाने? सायकलीने. मालवण चौदा किलोमीटर, जूनचा पाऊस मुसळासारखा कोसळतोय, आणि रेनकोटाची दरपत्रकं आणायला महादू रेनकोटाशिवाय निघाला. पहिल्या दुकानदाराने त्याची अवस्था बघून एक कोट खाली काढला. "घाल, घालून बघ तरी."

महादू दोन पावलं मागे सरकला. "नको, भिजात तो."

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी एका दरपत्रकावर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला शिक्का होता, तारीख नव्हती. अशा तीन खेपा झाल्या, आणि तिन्ही वेळा कागद कोरडे परत आले.

मधल्या काळात महादूने आपल्या परीने उपाय करून बघितले नाहीत असं नाही. छत्री एका हातात धरून गेला, तर ओढ्यावरच्या लाकडी साकवावर वाऱ्याने ती उलटी केली आणि काड्या तेवढ्या हातात ठेवल्या. मग वरच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याने दया येऊन आपलं इरलं दिलं. आता इरलं म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर पानं विणून केलेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. खाली वाकून लावणी करायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ते वाकलेल्या माणसासाठी. महादू पडला दर्यावर्दी घरातला, त्याने इरलं लांबूनच बघितलेलं. ते घालून तो ताठ सायकलीवर बसला आणि उताराला लागला. वारा इरल्यात शिरला, होडीचं शीड भरावं तसं ते भरलं, आणि महादू, सायकल, इरलं अशी तिन्ही रस्ता सोडून खालच्या मळ्यात. लावणी करणाऱ्या बायका पोट धरधरून हसल्या. "महादूभावोजी, लावणेक इलास तर सायकल बांधार ठेवाची मां!" एक म्हणाली. महादू उठला तो आधी पिशवी चाचपत. कागद कोरडे होते.

जुलैच्या सभेत तीन दरपत्रकं फुटली आणि सभाही फुटली. लांब कोटाच्या बाजूने तीन, टू-पीसच्या बाजूने तीन, प्राजक्ताताई माहेरी. सरपंचांनी आपलं जादा मत टाकलं असतं तर पाच मिनिटांत काम होतं. पण पुढे निवडणूक. वरच्या वाडीने लांब कोट धरला होता, खालच्या वाडीने टू-पीस. कोण कुठल्या वाडीचा हे आता कोण कुठल्या कोटाचा यावरून ओळखत होते. भाईंनी दूरवर विचार केला आणि हात जोडले. "आपण माणसा भांडत ऱ्हवण्यापेक्षा देवाक विचारूया. कौल लावया."

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत, लग्न ठरवत नाहीत, नाटकाची तारीख धरत नाहीत. ते ठीक आहे. देवालाही सवय झाली आहे. पण रेनकोटाबद्दल त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सगळे रवळनाथाच्या देवळात जमले. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान असलेला गावकर सत्यवान पुढे झाला. देवाच्या पाषाणाच्या उजव्या खांद्यावर एक पाकळी पाण्याने चिकटवली, ती लांब कोटाची. डाव्या खांद्यावर दुसरी, ती टू-पीसची. आधी पडेल ती खरी. मग सत्यवानाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो तुझो चाकर महादू, वाऱ्या-पावसात सायकल मारता. त्येका लांब कोट घेवचो की तुकड्याचो, ह्येच्यात पंचांमधी दुमत झाला हा. ह्येचो उलगडो कर म्हाराजा! आणि मालवणच्या दुकानदारान दर वाढवलो आसात तर त्येका सुबुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे श्वास रोखून पाकळ्यांकडे बघत राहिले. नोटीस वाटून थेट आलेला महादू अगदी पुढे, हात जोडून, मान खाली घालून उभा होता. त्याच्या टोपीच्या कडेला एक थेंब जमला, मोठा झाला, आणि टपकन पाषाणाच्या डाव्या खांद्यावर पडला. पाकळी घसरली.

"टू-पीस!" बाबलींनी आरोळी ठोकली.

"खंयचो टू-पीस? पाणी पडला त्येचा!" भाई गरजले. "रे महादू, भायर जा आधी! देवाच्या कामात ढवळाढवळ करतंस?"

महादू बाहेर गेला. बाहेर पाऊस. आत दुसरी पाकळी लावली. पण जुलैच्या दमट हवेत पाकळ्या पाषाणाला अशा बसल्या की तासाभराने उजवी पडेना की डावी. सत्यवानाने दोनदा गाऱ्हाणं घातलं, शेवटी त्याचाही घसा बसला. "देव ईचार करता हा," त्याने निकाल दिला. "चतुर्थी झाल्यार परत ईचारूया." सगळ्यांना ते पटलं. चतुर्थी दीड महिना लांब होती. देवळाच्या पायरीवर उभा असलेला महादू खोकला, पण आतल्या घंटेत ते कोणाला ऐकू आलं नाही.

राधाबाईला ऐकू आलं. बुधवारी पहाटे चूल पेटवताना पडवीतून तो खोकला आला, कोरडा, खोल, गेल्या वर्षीचाच. ती पडवीच्या दारात आली आणि त्याच्याकडे बघत तिने हातातलं फुंकणं खाली ठेवलं. "शिरा पडली ह्या पंचांच्या तोंडार," ती पुटपुटली. "देवाक ईचारतत! देवान काय सायकल मारलेली हा?"

त्याच दिवशी दुपारी वावटळ सुटली आणि एसटी स्टॉपवरचा भला मोठा फ्लेक्स दोऱ्या तोडून उडाला. उडत उडत तो नेमका राधाबाईच्या माडाला येऊन अडकला. मे महिन्यातल्या वाढदिवसाचा फ्लेक्स तो. 'आडभाटलेचे भाग्यविधाते गुरुदासभाई यांना हार्दिक शुभेच्छा!' मध्ये भाईंचा दोन हात उंच हसरा चेहरा आणि काठाकाठाने शुभेच्छुकांची टिकलीएवढी तोंडं. राधाबाईने तो खाली ओढला. वर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. एक थेंब आत जाईना.

"देवाक कौल लावलास ना?" ती महादूला म्हणाली. "ह्यो बघा, इलो."

"अगो, पण भाईंचो फोटो आसा!"

"भाईंच्या फोटोक ताप येणा नाय. तुमका येता."

मग तिने जे केलं ते सहा पंच, एक सरपंच, एक ग्रामसेवक आणि एका देवाला सुचलं नव्हतं. तिने सायकल पडवीत स्टँडवर लावली आणि महादूला वर बसवलं. "हात म्होरे करा. पेडल मारा. हां, आता सांगा, पाणी खंयसून येता?"

आणि महादू बोलायला लागला. बावीस वर्षांचं साठलेलं. गुडघ्याचं, बाह्यांचं, बगलेचं, चाकाच्या चिखलाचं. राधाबाई जाळी विणणाऱ्या घरातली. तिने नायलॉनचा दोरा आणि जाळ्याची सुई काढली आणि तो सांगेल तसं बेतत गेली. पुढून आखूड, मागून लांब, बाह्या चार बोटं जास्त, बगल मोकळी, डोक्याला टोपी पण कान उघडे. पाठीला मोठा, भोकाशिवायचा सलग तुकडा हवा होता. तसा एकच होता, भाईंच्या चेहऱ्याचा. छापील बाजू आत घ्यावी तर रंग सदऱ्याला लागणार. म्हणून भाई बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी महादू तो कोट घालून निघाला. पाऊस असा की समोरचा माड दिसेना. वरच्या वाडीत पोचून त्याने कोट काढला आणि सदऱ्याला हात लावला. सदरा कोरडा. बनियन कोरडं. छातीवर हात फिरवला, छाती गरम. आणि त्या बावन्न वर्षांच्या माणसाला सरळ रडू आलं. पावसात कोणाला कळलं नसतं, पण आज नेमका चेहरा कोरडा होता.

मागे काय चाललंय ते मात्र त्याला दिसत नव्हतं. सायकलीला मागचा मडगार्ड नव्हता हे मी सांगितलंच आहे. पहिल्या वाडीला भाईंच्या हनुवटीवर चिखलाचा एक ठिपका होता. तिसऱ्या वाडीपर्यंत मिशी झाली. पाचव्या वाडीला भाईंच्या डोक्यापासून गळ्यापर्यंत लाल चिखलाचा एक सरळ पट्टा, आणि तरी भाई आपले हसताहेत! लोक दारात येऊन उभे राहायला लागले. "महादू, जरा फिर रे बाबा! भाईंका बघूंदे!" लावणीवाल्या बायका बांधावर चढून नमस्कार करायच्या. बाबलींनी तर खास वाट वाकडी करून सायकल थांबवली, पाठीमागे उभं राहून हात जोडले आणि गंभीर आवाजात विचारलं, "काय भाई, आज तब्येत बरी नाय?"

संध्याकाळपर्यंत बातमी भाईंच्या घरी.

आणि मग मंडळी, पंचायतीच्या कारभाराला किती वेग असू शकतो ते आडभाटलेने बघितलं. ना सभा, ना दरपत्रक, ना कौल. सकाळी नऊला भाईंची जीप मालवणला सुटली आणि साडेदहाला रेनकोट घेऊन परत. लांब, घोट्यापर्यंत, पितळेच्या बटणांचा. माप घ्यायला महादू नव्हता म्हणून भाईंनी स्वतःच्या अंगाला लावून आणला. शुक्रवार होता, ग्रामसेवक होते. पंचायतीच्या दारात महादूला हार घातला, कोट चढवला. बाह्यांत हात सापडेनात तेव्हा भाईंनी प्रेमाने शोधून दिले. मालवणहून फोटोवाला आणला होता. "हस रे महादू!" महादू हसला. फ्लेक्सचा कोट भाईंनी स्वतः त्याच्या हातातून काढून घेतला. "ह्यो आता हंय ऱ्हवांदे."

समारंभ संपल्यावर ग्रामसेवक शेलारांनी नोंदवही उघडली. रेनकोट, नग एक. "महादू, ही शासकीय वस्तू. रोज वापर झाला की कार्यालयाच्या कपाटात जमा करायची. घरी न्यायची नाही. फाटला, हरवला तर जबाबदारी माझी." त्यांनी कोटाची नीट घडी घातली, फ्लेक्सच्या कोटाबरोबर कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि चारच्या एसटीने गेले.

पुढचा मंगळवार चार दिवस लांब.

शनिवारी सकाळी धो धो पाऊस. टेबलावर पुढच्या सभेच्या नोटिसा वाटायला ठेवलेल्या, वर ग्रामसेवकांची चिठ्ठी, 'तातडीने'. विषय क्रमांक सात: शिपायास रेनकोट दिल्याबद्दल मा. सरपंचांचे अभिनंदन. महादूने कपाटाचं कुलूप एकदा ओढून बघितलं. मग नोटिसा प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या, अस्तरात घातल्या, पिशवीत ठेवल्या, आणि तसाच निघाला.

एसटी स्टॉपपर्यंत पोचेतो तो चिंब झाला होता आणि खोकल्याची उबळ थांबेना. तो सायकलीवरून उतरला, दांड्यावर ओणवा झाला. छातीत तेच जुनं दुखणं, करवत फिरावी तसं. त्याने मान वर केली आणि बघतो तर काय!

नवा फ्लेक्स. पहिल्यापेक्षा मोठा, जाड, कालच्या कालच छापून आणलेला. 'दिला शब्द, केला पूर्ण! शिपाई महादू तारी यांस रेनकोट प्रदान.' डावीकडे भाई, उजवीकडे खुद्द महादू, रेनकोटात, हारासकट, हसतोय. पाऊस त्या छापील महादूवर पडत होता आणि मोत्यांसारखा घरंगळून खाली जात होता. आत एक थेंब जात नव्हता. खाली खरा महादू कुडकुडत उभा.

महादू बराच वेळ वर बघत राहिला. डॉक्टर आठवले. राधाबाईचा फुंकणं खाली ठेवलेला हात आठवला. कोणाला त्रास नको, कोणाला त्रास नको, म्हणत बावीस वर्षं काढली, आणि कोणालाही त्रास न देता आपण एक दिवस मरून जाऊ, हे त्याला तिथे पहिल्यांदा स्वच्छ कळलं. त्याला राग आला. इतका नवा राग, की तो कसा करायचा असतो हेही त्याला माहीत नव्हतं. त्याने सायकल खांबाला टेकवली, सीटवर पाय दिला, वर चढला आणि फ्लेक्सच्या दोरीला हात घातला.

स्टॉपवर दहा-बारा माणसं एसटीची वाट बघत होती. बाबलीही होते. "रे महादू, काय करतंस?"

"माप बघतंय," महादू म्हणाला.

गाठी त्याच्या ओळखीच्याच. दर्यावरच्या घरातल्या माणसाला गाठ सोडायला वेळ लागत नाही. कोणी हसलं नाही, कोणी अडवलं नाही. उलट बाबलींनी, आयुष्यात प्रथमच कसली हरकत न घेता, खालून एक टोक धरलं. महादूने फ्लेक्स अंगाभोवती गुंडाळला, पिशवी छातीशी धरली आणि सायकल हाताने ढकलत घरी आला.

राधाबाईने त्याला दारात बघितलं. आधी डोकं खसाखसा पुसलं, गरम पेज पाजली, मग फ्लेक्स पडवीत पसरला आणि जाळ्याची सुई काढली.

"ह्यो पण काढून घेतल्यानी तर?" महादूने विचारलं. आवाजात भीती होती, पण पूर्वीइतकी नाही.

"घेवंदेत. परत कोट देतले, परत फ्लेक्स लावतले." ती दोरा ओवत म्हणाली. "बसा सायकलयेर. तुमचो फोटो छातयेर घेतंय, म्हणजे समोरच्याक कळात कोण येता तो."

"आणि भाईंचो? पाठयेर नको गो. चिखल लागता."

राधाबाईने कापडाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मग सायकलीच्या सीटकडे बघितलं. "ह्या खेपेक कापड जास्त आसा," ती म्हणाली. "प्यान्ट पण होतली. दोनय बाजूंका बंद घालतंय, दारात सोडूक बरी. भाईंका बसवतंय मी थंय, चिखल लागाचो नाय."

महादू हसायला लागला. खोकला मध्ये आला, तरी हसत राहिला.

सोमवारी नोटिसा सात वाड्यांवर पोचल्या. कागद कोरडे होते. महादूही.